सनद हरवते तेव्हा आधी काय जातं

‘मावशी, दहा हजार वर्षांनंतरच्या माणसांची कादंबरी लिहितोय. त्यांचं राज्य ज्या सनदेवर उभं राहिलं ती कधीच हरवली आहे, उरल्यात त्या आख्यायिका. अशी सनद हरवेल कशी? आख्यायिका वाढतील कशा? आणि शेवटी ती सापडू द्यावी का?’ असं तू विचारलंस. मी विज्ञानकथा लिहीत नाही. बडोद्यात एकतीस वर्षं मोडी कागद वाचते आणि फाटलेले सांधते. पण तू विचारतोस ते माझ्या टेबलावर रोज येतं, फक्त दोन-अडीचशे वर्षांच्या अंतरानं. म्हणून जरा पसरून लिहिते.

तू पाठवलेल्या पहिल्या प्रकरणात सनद आगीत जाते. आगी लागतात हे खरंच आहे. १८२८ साली शनिवारवाडा जळला. १६८९ साली रायगड पडला तेव्हा शिवकाळातलं दप्तर गेलं, असं आपण सगळेच धरून चालतो. पण आग लागली की निदान काहीतरी गेलं याची खबर तरी राहते. मला जास्त वेळा भेटतो तो दुसरा प्रकार: कागद जागच्या जागी असतो आणि तरीही हरवलेला असतो.

रावपुऱ्यातल्या एका जुन्या वाड्यात मला बोलावलं होतं. पेटाऱ्यात एक रुमाल होता. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आमच्या कामातला रोजचा शब्द. घरात चार पिढ्या सांगत आलेले की यात पुरलेल्या धनाची याद आहे. दसऱ्याला त्या रुमालावर फूल वाहायचे. एका पिढीनं माजघराची जमीन खणूनही पाहिली होती. घरातला मोडी वाचणारा शेवटचा माणूस म्हणजे सध्याच्या आजोबांचे आजोबा. मी गाठ सोडली. हातकागद खणखणीत, शाई काळीभोर, एक अक्षर पुसलेलं नाही. आणि मजकूर होता घोड्यांच्या चंदीचा! किती मण हरभरा आला, किती दिला, किती शिल्लक. पान तिसरं, वरच्या बाजूला ओळ होती, वीस मण पुरले. म्हणजे वीस मण दाणा त्या महिन्याला पुरेसा झाला. मधल्या कुणीतरी अर्धवट मोडी येणाऱ्यानं एवढाच शब्द लावला आणि त्याला ते ‘पुरले’ जमिनीतलं वाटलं. आपल्या भाषेत दोन्हीला एकच शब्द, त्यात त्याचा काय दोष? पुढच्या चार पिढ्यांची आख्यायिका त्या एका क्रियापदातून उगवली.

हे तुझ्या कामाचं आहे. तुझ्या आख्यायिका तू वरून रचतो आहेस: देवदूत येतात, सनद आकाशात जाते. त्याऐवजी तुझ्या सनदेत एक साधा, कामकाजी शब्द ठेव, ज्याचे दोन अर्थ होतात. हजार वर्षांनी त्यातला चुकीचा अर्थ जिवंत राहू दे. मग वाचणारा मागे वळून पाहील तेव्हा त्याला तो जोड सापडेल.

कागद टिकण्याबद्दल थोडक्यात, कारण तू त्याची फार काळजी केली आहेस. अठराव्या शतकातला चिंध्यांच्या लगद्याचा हातकागद आजही वाकतो, घडी सोसतो. १९२० च्या सुमाराचं वर्तमानपत्र हातात घेतलं तर पापडासारखं मोडतं, कारण गिरणीच्या कागदात लाकडाचा लगदा, तुरटी आणि राळ, आणि त्यातलं आम्ल त्याला आतून खातं. म्हणजे नवं आधी जातं, जुनं मागे राहतं. तुझ्या भविष्यातल्या माणसांकडे आपलं अठरावं शतक असेल आणि विसावं नसेल, हे अगदी शक्य आहे. काजळी आणि डिंकाची शाई उजेडाला दाद देत नाही, पाण्यापुढे मात्र हरते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा ओले रुमाल घेऊन लोक माझ्याकडे आले. दोन दिवसांच्या आत पानं सुटी करून वाऱ्यावर घातली नाहीत तर बुरशी धरते. काही वाचले. काहींची नुसती काळी वडी झाली, आणि ती उलगडता येत नाही.

पण कागदाच्या आधी किल्ली जाते. किल्ली म्हणजे लिपी, कालगणना, मापं, आणि हे सगळं गृहीत धरून लिहिणाऱ्यांची सवय. एक उदाहरण देते. पेशवाईतल्या कागदावर साल असं लिहिलेलं असतं: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. भाषा मराठी, लिपी मोडी, आकडे अरबी शब्दांत. एक, साठ, शंभर, हजार: झाले ११६१. हा शुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, कारण हे वर्ष जूनमध्ये सूर्य मृगात गेला की बदलतं. येतं १७६०-६१. म्हणजे पानिपताचं वर्ष! ज्याला ही बेरीज माहीत नाही त्याच्या हातात पानिपताचा अस्सल कागद ठेवला तरी त्याला तो कधीचा ते कळणार नाही. ही बेरीज तेव्हा कुणी कागदावर लिहीत नव्हतं. सगळ्यांनाच येत होती, मग लिहायची कशाला? जे सगळ्यांना येतं तेच कुठे नोंदलं जात नाही, आणि म्हणून तेच सगळ्यात आधी पुसलं जातं. तुझ्या सनदेतला जो तपशील लिहिणाऱ्याला सांगायची गरजच वाटली नसेल, तो तुझ्या संशोधकाला सगळ्यात जास्त छळणार.

सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, ‘श्री सयाजी शासन शब्द कल्पतरु’ निघाला. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत: इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली. हेतू साधा होता, कचेरीत कुणाचं अडू नये. पण बडोद्यातली एकच वस्तू दहा हजार वर्षं टिकवायची असं मला कुणी सांगितलं तर मी राजवाड्यातलं काही मागणार नाही, हा कोश मागेन. आठांपैकी एक जरी भाषा तेव्हा कुणाला येत असेल तरी बाकीच्या सात उघडतील.

आता आख्यायिकांकडे येते. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

तुला तयार नमुना हवा असेल तर लांब जायची गरज नाही, महानुभाव पंथाचं लीळाचरित्र बघ. चक्रधरस्वामींच्या मागे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून लीळा गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातली ही गोष्ट. पुढे देवगिरीवर स्वाऱ्या झाल्या त्या धामधुमीत मूळ पोथी गेली. मग पंथातल्या माणसांनी ती आठवणीतून पुन्हा लिहिली. त्यांतल्या हिराइसेच्या तोंडपाठाला फार मान. पण आठवणारे अनेक, म्हणून पाठही अनेक झाले. इथे महानुभावांनी जे केलं त्यासाठी मी त्यांच्यापुढे हात जोडते: त्यांनी पाठांतला फरक दडपला नाही. एखादी लीळा कुणाला वेगळी आठवत असेल तर ते वेगळेपण ‘वासना’ म्हणून शेजारीच नोंदवलं. ज्यांच्यासाठी एकेक शब्द देवाच्या मुखातला होता, त्यांनी ‘आम्हाला नक्की एकच आठवत नाही’ हे लिहून ठेवलं. आपल्याच गावात प्राच्यविद्या मंदिरात १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती निघाली. तिच्या पानापानावर खाली पाठभेद आहेत. ती शिस्त आणि वासना यांचं गोत्र एकच.

त्याच पंथानं पुढे पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या, म्हणजे अक्षरांची अदलाबदल करून. बाहेरच्यांसाठी ते वाङ्मय काही शतकं बंद झालं, आणि बंद दारामागे काय असेल याबद्दल बाहेर वाट्टेल ते बोललं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा आत मिळालं ते घरगुती, प्रेमळ, अतिशय नेमकं मराठी गद्य. तुझ्या कादंबरीत असे दोन गट असू देत: एक आतला, ज्याच्याकडे मजकूर आहे पण तो बोलत नाही, दुसरा बाहेरचा, ज्याच्याकडे मजकूर नाही पण तोच सारखा बोलतो. आख्यायिका बहुतेक दुसऱ्याच्या असतात.

दुसरा नमुना गुणाढ्याच्या बृहत्कथेचा. पैठणच्या सातवाहन राजाचा हा मंत्री. एका पैजेत हरला म्हणून त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या आणि अरण्यात पैशाचीत सात लाख श्लोक लिहिले. शाई नव्हती म्हणून रक्तानं. राजानं पिशाचांची भाषा म्हणून ते झिडकारलं. मग गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. जनावरं चरणं विसरून ऐकत राहिली, राजाच्या ताटातलं मांस वाळकं होऊ लागलं, तेव्हा कुठे शोध लागला. राजा धावत आला तोवर सहा लाख जळाले होते. उरला तो एक लाख.

मूळ ग्रंथ आज नाही. पण काश्मिरात सोमदेवाचा कथासरित्सागर आणि क्षेमेंद्राची मंजरी आहे, नेपाळात बुधस्वामींचा श्लोकसंग्रह मिळाला, जैनांकडे वसुदेवहिंडी आहे. एकमेकांपासून इतक्या लांब हीच कथावस्तू सापडते, म्हणजे पूर्वी काहीतरी होतं. माझ्या मते आख्यायिकेतलं रक्त आणि वाळकं मांस सोडून द्यावं, पण तीन गोष्टी कानात ठेवाव्यात: भाषा दरबारी नव्हती, दरबारानं आधी नाकारलं, आणि हातात आलं ते पूर्ण नव्हतं. ग्रंथ का हरवला असेल याचा याहून चांगला अंदाज मलाही करता येणार नाही. हरवण्याची गोष्ट सांगणारे लोक वस्तूबद्दल चुकतात, हरवण्याच्या कारणाबद्दल पुष्कळदा बरोबर असतात.

पुष्कळदा, नेहमी नाही. कारण ही गोष्ट सांगणाऱ्याला तिच्यातून काहीतरी मिळायचं असतं. वतनाच्या भांडणांचे कागद वाच. महजर, म्हणजे पंचांसमोरचे निवाडे, आणि करीने यांत एक तक्रार सारखी येते: आमच्या वडिलांपाशी सनदा होत्या, त्या दंग्यात गेल्या, तरी भोगवटा मनास आणून नवी पत्रं करून द्यावी. काहींच्या खरोखर गेल्या होत्या. काहींच्या कधी नव्हत्याच. करीना म्हणजे घराण्याच्या हक्काची पहिल्यापासूनची हकिगत. ती कागद नसतानाच लांबते, कारण कागदाचं काम तिला करायचं असतं. पुढे १८५२ च्या कायद्यानं इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पुरावा दाखवा असा तगादा लागला, तेव्हा तर हरवलेल्या सनदेची गोष्ट हा घराघरातला ऐवज झाला. त्याबरोबर बनावट कागदही आले. कागद जुना मिळवता येतो, शिक्का कोरता येतो. माझ्या हाताखालून गेलेले बनावट कागद बहुतेक तारखेत सापडले. शुहूर सन एका वर्षाचा आणि शेजारचा चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख, दुसऱ्याच वर्षाचा.

म्हणून तुझ्या प्रत्येक आख्यायिकेला मालक दे. ‘लोक सांगतात’ असं लिहू नकोस. पाणी वाटणारं घराणं सांगतं की सनदेत पाण्याचा पहिला हक्क आमचा होता. पुजारी सांगतात की सनद मुळात गायची होती. हद्दीवरची माणसं सांगतात की ती आमच्या हद्दीत पुरली आहे. कोण काय मागतंय हे वाचणाऱ्याला आख्यायिकेतूनच कळलं पाहिजे.

काही मजकूर मात्र मालकाशिवाय टिकतो, त्याच्या घडणीमुळे. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती लागलेलं सावकाराचं पत्र तुला लहानपणापासून पाठ असेल: दोन मोत्यं गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. ग्रँट डफनं १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात ते इंग्रजीत दिलं. मराठीत आपण कुणी ‘गळाली’ म्हणतो, कुणी ‘हरपली’, कुणी ‘खुर्दा’, कुणी ‘चिल्लर’. शब्द हलतात, पण मोती-मोहरा-खुर्दा ही उतरंड हलत नाही. हुंड्यांच्या भाषेत गुंडाळलेली बातमी चोरट्या नजरेपासून वाचावी म्हणून तशी लिहिलेली, आणि त्याच गुंडाळीमुळे ती स्मरणात बसली. त्या लढाईतल्या रसदेच्या याद्या कुणाला पाठ नाहीत. तुझ्या सनदेतलं एकच वाक्य सगळ्या आख्यायिकांत सारखं येऊ दे, आणि ते असं घडव की ते विसरताच येऊ नये.

दहा हजार वर्षांचा तू म्हणतोस तो पल्ला कुणी गंभीरपणे विचारात घेतला असेल तर तो अणुकचरा पुरणाऱ्यांनी. १९८४ साली थॉमस सीबिओक या चिन्हशास्त्राच्या अभ्यासकानं अमेरिकेतल्या अशा कामासाठी अहवाल लिहिला. त्याचं म्हणणं, कुठलीच खूण दहा हजार वर्षं अर्थासकट पोचणार नाही, तेव्हा इशारा दर काही पिढ्यांनी नव्या भाषेत पुन्हा लिहावा, आणि लोक त्या जागेपासून लांब राहावेत म्हणून दंतकथा आणि विधी मुद्दाम रुजवावेत. ते सांभाळायला जाणकारांची पुरोहितांसारखी परंपरा असावी. मला यात धोका दिसतो. आपल्याकडे वेदपाठकांनी पद, क्रम, घन अशा उलटसुलट पाठांनी अक्षर न् अक्षर राखलं, आणि तरी वेदातल्या शब्दांचा अर्थ लावणाऱ्या यास्काला, मंत्रांना अर्थच नाही म्हणणाऱ्या कौत्साला निरुक्त या ग्रंथात उत्तर द्यावं लागलं की मंत्रांना अर्थ असतो. आवाज पोचला होता, अर्थावर वाद सुरू झाला होता, तोही अडीच हजार वर्षांपूर्वी. तुझ्या संस्कृतीत सनद रोज सकाळी म्हटली जात असेल, बिनचूक, आणि म्हणणाऱ्याला ती सनद आहे हेच ठाऊक नसेल, तर? मला तुझ्या सगळ्या कल्पनांपेक्षा ही जास्त अस्वस्थ करते.

किल्ली बरोबर पाठवायचा एक चांगला प्रयत्नही सांगते. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकड्या गेल्या. त्यात केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ आहे, आणि पंचावन्न भाषांतल्या अभिवादनांत मराठीही आहे. हातकागद, ताम्रपट, शिलालेख सगळे मातीत गेल्यावरही मराठीचा तो नमस्कार चाललेला असेल, हे मनात आलं की माझे डोळे भरतात. पण कारागीर म्हणून मला त्या तबकडीचं झाकण आवडतं. ती वाजवायची कशी हे त्यावर चित्रांनी कोरलं आहे, सुई बरोबर दिली आहे, आणि झाकणावर युरेनियम-२३८ चा थर आहे. ते साडेचार अब्ज वर्षांत निम्मं होतं. जो कुणी मोजील त्याला तबकडी केव्हा निघाली ते कळेल, आपलं कॅलेंडर माहीत नसताना. पेशव्यांच्या कारकुनाला जे सुचायचं कारण नव्हतं ते इथे कुणाला तरी सुचलं. तुझ्या सनदेच्या कर्त्यांनाही सुचलं असेल, तर कथा बदलेल. सनद नसेल पण झाकण सापडेल.

शेवटचा प्रश्न, सापडू द्यावी का. सापडू दे. न सापडण्यात लेखकाची सोय असते. पण अस्सल देऊ नकोस, नक्कल दे, जिच्या माथ्यावर ‘अस्सलाबरहुकूम’ असा शेरा आहे आणि अस्सल कुणाकडे होतं ते नाव फाटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलं आहे. आम्हाला बहुतेक वेळा तेवढंच मिळतं. आणि मजकूर रुक्ष असू दे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा शतकानुशतकं नुसता उल्लेख सापडायचा, आणि गावोगाव शेंडी सोडलेल्या चाणक्याच्या गोष्टी होत्या. १९०५ साली म्हैसूरला ताडपत्राची पोथी आली, शामशास्त्रींनी १९०९ साली ती छापली. उघडून पाहावं तर जकात, वजनं-मापं, पगार, आणि अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात घोड्याला किती दाणा द्यायचा ते! माझ्या रावपुऱ्याच्या रुमालासारखंच. त्या घरातल्या आजोबांना मी चंदीचा हिशेब वाचून दाखवला तेव्हा मला वाटलं होतं ते खट्टू होतील. त्यांनी विचारलं, घोडे किती होते? मी बेरीज करून सांगितलं, अकरा. ते बराच वेळ अंगणाकडे बघत राहिले आणि म्हणाले, मग पाणवठा मागच्या बाजूला असणार.

शनिवारी दुपारी ये, चौथं प्रकरण घेऊन. तो रुमाल अजून सांधायला माझ्याकडेच आहे. तिसरं पान काढून ठेवते, ‘पुरले’ तुझं तू लावून बघ.